डॉ. प्रयाग उतेकर यांचे घर, शेत आणि हात

मी, डॉ. प्रयाग कुशाबा उतेकर, वय एकसष्ट, मूळ गाव पोलादपूर, हल्ली राहणार महाड, हे मृत्युपत्र स्वतःच्या बुद्धीने लिहिते आहे. डोके शाबूत आहे, हात थरथरतात. तेव्हा वेड्यावाकड्या अक्षरावरून कोणी शंका घेऊ नये. जबरदस्ती कोणाची नाही. थकवा मात्र आहे.

एक. महाडचे माझे घर, दवाखान्यासह, मी डॉ. शकुंतला हैबती खैरे, राहणार बिरवाडी, हिला देते. बारीक चिमटे, सुया आणि भिंगाचा चष्माही तिचाच. ती माझ्या नात्यातली नाही. पूर्वीच्या महारवाड्यातली, आता बौद्ध. हाताची शस्त्रक्रिया ती माझ्याकडे शिकली.

मुंबईच्या इस्पितळात मी शस्त्रक्रिया मागितली, तेव्हा मुख्य सर्जन म्हणाले, "बाळंतपणे करा." मी हटले नाही, तेव्हा तुटलेली बोटे माझ्याकडे धाडू लागले, ते काम कोणालाच नको होते. त्यातच माझे आयुष्य गेले आणि बरे गेले.

पुढे शिकाऊ सर्जन निवडणाऱ्या समितीवर मला घेतले. दरवर्षी मी मुलींची, खेड्यांतल्या आणि खालच्या मानलेल्या जातींतल्या मुलांची नावे पुढे करी. "बाई, आम्ही हात बघतो, जात नाही," असे उत्तर येई. मी विचारी, "मग सगळे चांगले हात एकाच आळीत कसे जन्मतात?" लोक हसत, चहा येई, निवड तीच राही. एवढ्या वर्षांत एक शकुंतला आत गेली. आता त्यांच्यावर राग नाही. राग धरायलाही बळ लागते.

दोन. पोलादपूरच्या शेतातला माझा हिस्सा धाकटा भाऊ मालोजी याला न देता त्याची बायको गोदूबाई हिला देते. कारण असे. तीन वर्षांपूर्वी कोयत्याने मालोजीचा उजवा तळहात चिरला, बोटे वाकेनात. माझ्याकडे आणला. मी शकुंतलेला पुढे केले.

"आक्का, तूच शिव. ती नको."

"माझा हात आता चालत नाही. तिचा चालतो."

"मग ऱ्हाऊ दे तसाच."

तेव्हा गोदूबाई नवऱ्याला ओलांडून शकुंतलेसमोर आली. "बाय, तू कर गो. यांचा ऐकू नको."

शकुंतलेने हात शिवला. बोटे वळू लागली. मालोजीने आम्हा दोघींना जेवायला बोलावले. माझे पान आत, तिचे पडवीत. मी माझे पान उचलून पडवीत गेले. शकुंतला हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही आत बसा. मला सवय आहे."

सगळ्या समित्यांनी मिळून मला दमवले नसेल, इतके त्या एका वाक्याने दमवले. 

तीन. माझ्या देहाला अग्नी देऊ नये. तो वैद्यकीय महाविद्यालयाला शिकवण्यासाठी द्यावा. मालोजीला हे सांगितले आहे. "आग नाय, मग आमी काय करायचा?" म्हणाला. म्हटले, "घरी जा, जेव."

माझ्या शिक्षणाच्या वेळी मुलींना मागे उभे करीत. उघडलेला हात मी पहिल्यांदा पाहिला तो मुलांच्या खांद्यांमधल्या फटीतून. माझा हात उघडतील तेव्हा मुलींना टेबलाशी उभे करावे.

हे सारे तडीस नेण्याचे काम वकील सयाजी शेलार यांच्याकडे सोपवते.

(सही) प्रयाग कुशाबा उतेकर
महाड, ९ डिसेंबर १९६६

साक्षीदार: महिपती कदम, शिक्षक, कोंडाजी जाधव, शेजारी.
बाईंनी आम्हा दोघांसमोर सही केली. वेळ लागला. आम्ही थांबलो.