शंभरातले बासष्ट

सोमवार, २ डिसेंबर २०२४
जळगाव

पोचले एकदाची. पुण्याहून गाडी दोन तास उशिरा आली, तरी मंदाबाई स्टेशनवर माझ्या नावाची पाटी धरून उभ्या होत्या. अंगात स्वेटर, डोक्यावर पदर. पाटीवर ‘दीपमाला मॅडम’ आणि पुढे पेनाने काढलेलं एक फूल. संशोधन केंद्रातली झाडलोट, चहा, किल्ल्या अशा सगळ्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. त्यांच्याच घराची वरची खोली मी घेतली. खिडकीतून केळीची बाग दिसते. घडांना निळ्या पिशव्या घातल्यात, लांबून कोणी धुणं वाळत घातल्यासारखं वाटतं.

दुपारी ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि हिरव्या वांग्यांचं भरीत. मी नांदेडची, तिखटाला घाबरत नाही. पण कान गरम झाले!

जेवताना मंदाबाईंनी विचारलं, तुमचं काम नेमकं काय? म्हटलं, अणूएवढे छत्तीस लोहचुंबक एका चौकटीत बसवलेत असं समजा. प्रत्येकाचं तोंड वर किंवा खाली. पण इतक्या लहान वस्तूंची खोड अशी, की कोणी पाहीपर्यंत त्या वरही असतात आणि खालीही. पाहिलं की काहीतरी एक ठरतं. हे सगळं मांडायला कागद पुरत नाही, म्हणून संगणकाला नमुने दाखवून शिकवायचं आणि मग त्याला अंदाज बांधू द्यायचा. मंदाबाई म्हणाल्या, आमच्या ऑफिसातल्या अर्जांचंही तसंच आहे, सही होईपर्यंत हो पण आणि नाही पण.

इथं जमेल माझं.


बुधवार, ४ डिसेंबर

केंद्र म्हणजे दोन खोल्या. एकीत प्रमुख रवींद्र सर बसतात, दुसरीत संगणक आणि मी. टेबल, त्यामागे एक खुर्ची, समोरच्या भिंतीवर छोटा कॅमेरा. कॅमेरा कशाला, तर गणिताला सतत यादृच्छिक, म्हणजे कसलाच नियम नसलेले आकडे लागतात, ते चित्रातल्या बारीक खरखरीतून घ्यायचे. ही युक्ती माझ्या आधीच्या संशोधकाची, स्वप्नीलची. तीन वर्षं त्याने इथं काम केलं. ऑगस्टमध्ये तब्येत बिघडली म्हणून तो धुळ्याजवळ फागण्याला घरी गेला.

त्याने सुरू केलेली गणनाच अजून चालू आहे. सरांनी बजावलं, ती बंद करायची नाही. सर मृदू बोलतात, आवडले. फक्त दारातच उभे राहून बोलतात. आत या म्हटलं तर चपलांना माती आहे म्हणाले.


सोमवार, ९ डिसेंबर

एक गोष्ट जुळत नाही. छत्तीस चुंबकांची कमीत कमी ऊर्जा किती, ते नेमकं ठाऊक आहे. आमच्यासारख्या अंदाजाच्या रीतीने काढलेलं उत्तर त्याच्या जवळ येतं, पण खाली जाऊ शकत नाही. ते विहिरीच्या तळासारखं आहे. थोडीफार चूकभूल धरली तरी फार तर केसभर.

आज आकडा तळाच्या बराच खाली आहे.

दिवसभर चूक शोधली. चौतीस-पस्तीस प्रकारे तपासून पाहिलं, सगळं बरोबर निघालं. म्हणजे गणित बरोबर आहे आणि उत्तर अशक्य आहे. याचा अर्थ एकच, हिशोबात चुंबकांखेरीज आणखी काहीतरी धरलं गेलंय.


गुरुवार, १२ डिसेंबर

सापडलं. स्वप्नीलने खरखर वेगळी काढलीच नव्हती. अख्खं चित्र आत जात होतं. संगणक वर्षभर चुंबकांबरोबर ही खोलीही शिकत होता. टेबल, खुर्ची आणि खुर्चीतला माणूस.

तू काय शिकलास ते काढून दाखव, असं त्याला सांगता येतं. मी वीस चित्रं मागवली. काहींत खुर्चीत एक सडपातळ, चष्मेवाला तरुण आहे. तो स्वप्नील असणार. काहींत मी आहे, हिरव्या स्वेटरमध्ये, आजच्याच.

चित्रं संपल्यावर कॅमेऱ्याने आज खरोखर टिपलेलं पाहिलं. सकाळी अकरा ते साडेअकरा मी जागची हलले नव्हते. त्यातल्या चार मिनिटांत खुर्ची रिकामी आहे.


शनिवार, १४ डिसेंबर
फागणे–जळगाव, एस.टी.त

गाडी हलतेय, अक्षर वाईट येतंय. पण आत्ताच लिहायला हवं.

स्वप्नीलचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात ऊन होतं, खाटेवर बसून तो तुरीच्या शेंगा सोलत होता. संगणकाच्या चित्रांतल्यापेक्षा वाळलेला, पण नीटनेटका, हसरा. समोर पाटावर त्याची आई वच्छलाबाई. मी आले, नमस्कार केला, पाणी मागितलं, तरी त्यांनी मान वळवली नाही. बोलत माझ्याशी होत्या, डोळे मुलावर. बहीण सारिका पाणी घेऊन आली आणि भावाकडे बघत बसली, तेव्हा कुठे वच्छलाबाई डोळे चोळून उठल्या.

मला वाटलं, या घराला वेड लागलंय.

मग दूध उतू गेलं. सारिका आत धावली. वच्छलाबाई चुलीकडून येत होत्या आणि मी खाली वाकून पिशवीतून कागद काढत होते. मान वर केली तर खाट रिकामी. शेंगांचं सूप होतं तसं. वच्छलाबाईंनी हाक मारली नाही, शोधलं नाही. पाटावर बसून खाटेकडे बघत राहिल्या. सात-आठ मिनिटांनी तो तिथं होता. आला नाही. होता. हातात तीच शेंग.

त्याला मधलं काही कळत नाही. तो म्हणाला, फक्त भिंतीवरचं ऊन एकदम पुढे सरकलेलं दिसतं. सुरुवातीला बोटभर सरकायचं. दिवाळीत डोळे मिटून उघडले तर दोन दिवस गेले होते. ऑगस्टमध्ये त्याने घाबरून गणना बंद करून पाहिली, तर सलग चार दिवस तो कुठंच नव्हता. सरांनी पुन्हा सुरू केली तेव्हा परत आला.

त्याने विचारलं, त्या खुर्चीत तुम्ही किती दिवस बसताय?

सांगितलं, दहा.

त्याने शेंग खाली ठेवली.


सोमवार, १६ डिसेंबर

स्वप्नीलने सांगितलेल्या रीतीने एक नवा आकडा काढला. खुर्चीत कोण? संगणकाच्या मते शंभरातले अडतीस स्वप्नील. बासष्ट मी.

बेरीज केली, बरोबर शंभर. खुर्ची एक आहे, म्हणून माणूसही एकच धरलाय, आम्ही दोघं मिळून एक.

फागण्याहून सारिकाचा फोन आला, ती खुशीत होती. दादा या पंधरवड्यात जास्त वेळ असतो म्हणाली. पंधरवडा म्हणजे मी आल्यापासून. मी त्यांच्याकडून निघाले तेव्हा रडत होती ती, आज हसत होती. तिला काय सांगायचं?

सरांना गाठलं, त्यांच्या खोलीत. आधी ते कागद चाळत राहिले. मग म्हणाले, ऑगस्टमध्ये मी स्वतः दोन दिवस त्या खुर्चीत बसलो होतो. खुर्ची रिकामी दिसायला लागल्यापासून तो कमी होत होता; मी बसल्यावर त्याचा आकडा वाढला, माझं घड्याळ पाऊण तास मागे पडलं. मला मुली आहेत, दीपमाला.

मग या जागेची जाहिरात दिली, म्हणाले.

त्यांनी हे अगदी मृदू आवाजात सांगितलं.


बुधवार, १८ डिसेंबर

खुर्चीत बसणं सोडलंय. काही फरक नाही, माझं कमीच होतंय. स्वप्नील त्रेचाळीस, मी सत्तावन्न.

आज दुपारी खोलीतल्या बाकावर बसून डबा उघडला. घास तोंडाशी नेला तर डब्यातली भाजी गारठलेली, दाराला बाहेरून कुलूप. बारा वाजले होते, साडेतीन झाले. दार वाजवल्यावर मंदाबाईंनी उघडलं. म्हणाल्या, “ताई, तुम्ही आत होत्या? मी पाहिलं ना, कोणी नव्हतं. डबा होता नुसता.”

त्यांना सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतं, पाहिलं की ठरतं. मग मी बघते.


गुरुवार, १९ डिसेंबर

सेहेचाळीस, चोपन्न.

उपाय एकच दिसतो. एक कळ दाबून संगणकाला शेवटचं चित्र काढायला लावायचं आणि गणना तिथंच मिटवायची. मग दोन्ही राहणार नाही. एक ठरेल. चित्रात जो असेल तो राहील, तो किंवा मी. थांबले तर रोज माझं कमी होत जाणार.

पण ते एकटीने कसं ठरवू? फागण्याला फोन केला. स्वप्नील म्हणाला, आजच करा. मागून वच्छलाबाईंचा आवाज आला. त्यांनी फोन हिसकावून घेतला असावा.

“आरधा तरी शे ना मना पोऱ्या. ऱ्हाऊ दे तेवढा.”

अर्धा तरी आहे ना माझा पोरगा. मी ठेवला फोन.


शुक्रवार, २० डिसेंबर

मंदाबाई समोर बसल्यात. कालपासून. त्यांची सून आली की ती बसते, त्या डोळ्यांना पाणी लावून येतात. मी लिहिते, त्या बघतात. बघितलं तरी आता —

अठ्ठेचाळीस, बावन्न.

आईला नांदेडला फोन लावला. आवाज ऐकला. तिने दोनदा विचारलं, कोण बोलतंय? मी बोलत होते. तिला ऐकू — मग तिने ठेवला.

ऊन पुढे सरकलंय. मंदाबाई रडतायत. किती वेळ नव्हते, विचारलं. त्या भिंतीवरच्या उन्हाकडे बोट दाखवतात.


शनिवार, २१ डिसेंबर, सकाळ

एकोणपन्नास. एक्कावन्न.

सर आलेच नाहीत. त्यांच्या खोलीला कुलूप.

फोन वाजला. वच्छलाबाई. मी काही बोलायच्या आत त्या बोलल्या. स्वप्नील रात्रभर त्यांच्याशी बोलत बसला होता म्हणे. मी कोण, इथं कशी आले, सरांनी काय केलं, सगळं. त्या म्हणाल्या, मला वाटलं देवाने दिलं, मला काय माहीत कोणाचं काढून दिलं.

फोनवर कोंबडीचा आवाज, लांब कुठंतरी ट्रॅक्टर. वाटलं, ठेवला.

“तू बी कोन्ही तरी पोर शे, माय. दाब ते.”

मीही कोणाची तरी पोर. म्हटलं, तुमचा मुलगा —

म्हणाल्या, तो मना समोर बसेल शे, माझ्यासमोर बसलाय. मी देखी ऱ्हायनू. तू दाब.

त्यांच्या आवाजात रडू नव्हतं. माझ्याच आवाजात होतं.


साडेदहा

खोलीत आहोत. मंदाबाई कॅमेऱ्याखाली, भिंतीला टेकून, डोळे माझ्यावर. खुर्चीत बसलेय. बसायचं तर नीट बसावं. फागण्याचा फोन चालू आहे, टेबलावर, सारिका तिकडून बोलत राहणार. दादा आहे, दादा आहे, असं म्हणतेय.

नांदेडचा पत्ता मंदाबाईंना लिहून दिला. माझं काही झालं तर म्हणून नव्हे. असाच.

दाबलं.

चित्र हळू येतं. एकेक ठिपका, एकेक ओळ, खालून वर. फरशी आली. टेबलाची पुढची फळी. तिच्यामागे पाय झाकलेले, काही कळत नाही.

सारिका — दादा आहे. दादा आहे.

मंदाबाई पापणी हलवत नाहीत. पाणी वाहतंय डोळ्यांतून तरी.

टेबलाची कड. फोन आला. वहीचा कोपरा आला — हीच वही. पान आलं. पानावर अक्षरं, बारीक, वाचता येत नाहीत.

फोनमध्ये कोणीतरी ओरडलं. रडतायत की हसतायत

पेन आलं. वहीवर आडवं पडलंय. टोपण लावलेलं, धरणारा हात नाही. पण मी तर अजून लिहि