राघवेंद्र सरांच्या कानातली गावं

२ जून, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. लातूर सोडून नांदेडला आले ती ह्या आरोग्य ट्रस्टच्या सर्व्हर विभागात. विभाग कसला – एक खोली, दोन टेबलं, आणि राघवेंद्र सर!

आत गेले तर सर लॅपटॉपवर भराभरा टाइप करत होते. स्क्रीन काळी. मी आपली शहाणी, म्हटलं, "सर, स्क्रीन बंद हाय तुमची."

"हाव. मला कशाला लागती? उगं बॅटरी खाती."

तेव्हा डोळ्यांकडे लक्ष गेलं. सरांना दिसत नाही! अजिबात नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर हसले आणि म्हणाले, "बस. चहा घेतीस का आधी काम?"

४ जून

लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

ट्रस्टची तपासणी केंद्रं गावोगावी आहेत – कंधार, मुखेड, देवणी आणि आणखी कितीतरी. तिथे पेशंटचा ईसीजी, एक्स-रे काढतात. तो त्या केंद्रातल्या सर्व्हरवर जातो, तिथून लातूरच्या डॉक्टरांकडे. प्रत्येक केंद्रात एक लिनक्सचा सर्व्हर. त्याला हात लावणारं तिथे कोणी नाही. सगळे इथून चालतात – सरांच्या एका लॅपटॉपवरून!

सर एक कमांड लिहितात, ती एकदम सगळीकडे जाते. मग एकेक गाव आपली खबर देतं, आणि लॅपटॉप ती सरांना वाचून दाखवतो. इतक्या वेगानं की मला नुसता भुंगा ऐकू येतो. सरांना शब्द न् शब्द कळतो. आज म्हणाले, "मुखेडची मशीन जरा दमानं बोलती. तिथली लाइनच तशी. घाबरायचं न्हाई, वाट बघायची."

सरांचे डोळे गेले ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी. मागच्या पडद्याचा आजार. हे त्यांनी चहात बिस्किट बुडवता बुडवता सांगितलं. मी काही बोलावं अशी त्यांची अपेक्षाही नव्हती.

११ जून

आज वाचले!

सरांचा नियम आहे – एंटर दाबायच्या आधी कमांड मोठ्यानं वाचायची. मला वाटायचं, शाळेतल्यासारखं काय हे! आज फक्त कंधारचा सर्व्हर बंद करून चालू करायचा होता. मी वाचायला लागले, आणि सर म्हणाले, "थांब."

मी कंधारच्या जागी 'सगळे' लिहिलं होतं. दाबलं असतं तर सगळी केंद्रं एकदम बंद!

सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "एका जागी बसून सगळ्यांची मान हातात असती, मंजुषा. आधी एकावर करून बघायचं. ते उठून बसलं, बोललं, की मग बाकीच्यांवर. सबर पाहिजे ह्या कामाला."

१२ जून

काल रात्री स्वप्नात पण मोठ्यानं वाचत होते. जिच्याकडे राहते ती मावशी सकाळी विचारते, "काय बडबडत होतीस?"

१९ जून, गुरुवार

नवे मॅनेजर अंबरीश सर आले. माणूस चांगला वाटतो, उत्साही. भिंतीवर मोठा टीव्ही लावून नवा डॅशबोर्ड दाखवला. मराठवाड्याचा नकाशा, प्रत्येक केंद्राचा एक ठिपका. चालू असेल तर हिरवा, बंद पडलं तर लाल. ठिपक्यावर माऊस न्यायचा, बटण दाबायचं. लई सुंदर! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

पुढच्या महिन्यापासून सगळं ह्याच्यातूनच करायचं, कमांडचा रस्ता बंद.

राघवेंद्र सरांनी विचारलं, "कीबोर्डनं चालतं का हे?"

सरांनी आपल्या लॅपटॉपवर तो डॅशबोर्ड उघडला, इयरफोन काढला, आवाज मोठा केला. लॅपटॉप म्हणाला – चित्र. चित्र. चित्र. चित्र.

अंबरीश सर गोरेमोरे झाले. "माझ्या खरंच लक्षात आलं नाही हो," म्हणाले. पण हुकूम काही मागे घेतला नाही. डॅशबोर्डच्या कंपनीशी करार झालाय म्हणे.

२२ जून, रविवार, लातूर

घरी आले. बाबांना सांगितलं. "नवीन हाईस. वरच्यांशी भांडू नको."



२४ जून

भांडले!

सेक्रेटरी डॉ. उज्वला मॅडमच्या केबिनमध्ये सरळ शिरले. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "राघवेंद्रांना आपण काढणार थोडीच आहोत? फोन घ्यायचं काम देऊ. त्यांनाही आराम."

आराम! मी म्हटलं, "मॅडम, ते माझ्यापेक्षा शंभरपट चांगले आहेत. फोनवर मला बसवा." आवाज चढला होता माझा. मग म्हटलं, निदान थोडे दिवस दोन्ही चालू ठेवा, कमांड पण आणि डॅशबोर्ड पण. मॅडमनी मान हलवली. "बरं," म्हणाल्या.

सरांना सांगितलं तर नुसतं "हं." चहा पीत राहिले. माझाच राग राग झाला.

३ जुलै, गुरुवार



सकाळी नेहमीप्रमाणे सगळ्या गावांची खबर ऐकता ऐकता सर थांबले. "देवणीहून एक पण ईसीजी गेला न्हाई आज. ह्या टायमाला तिथं गर्दी असती."

मी भिंतीवर बघितलं. देवणी हिरवीगार! तसं सांगितलंही.

सरांनी देवणीला फोन लावला. तिथल्या नर्स इंदूताई रडकुंडीला आलेल्या. "सर, एक माणूस हाय, छातीत दुखून राहिलंय त्याच्या. मी तीन-चारदा पाठवला ईसीजी. डॉक्टरांचा फोनच यीना! मोबाइलवर फोटो पाठवते तर नेट न्हाई." मागून बाईचा आवाज येत होता – माझ्या धन्याला बघा हो कुणीतरी!

"इंदूताई, त्यांच्याजवळ थांबा. फोन ठेवू नका," सर म्हणाले, आणि बोटं चालू झाली. देवणीच्या सर्व्हरमध्ये शिरले. डिस्क काठोकाठ भरली होती. मशीन जागी होती, पण पुढं पाठवायला तिच्यात जागाच उरली नव्हती. सर पुटपुटत होते, प्रत्येक कमांड मोठ्यानं वाचत होते. अशा घाईतसुद्धा! जुन्या नोंदी काढल्या, पाठवायचं काम पुन्हा चालू केलं. मग हात मांडीवर ठेवून ऐकत बसले.

"गेला," म्हणाले.

जरा वेळानं फोनमधून इंदूताई ओरडल्या, "आला! केंद्राच्या फोनवर डॉक्टरांचा फोन आला!" हार्ट अटॅकच होता. डॉक्टरांनी सांगितल्या तशा गोळ्या देऊन माणसाला अँब्युलन्सनं उदगीरला हलवलं.

अंबरीश सर दारात उभे होते. कधी आले कळलंच नाही. "पण हिरवं होतं ना ते?"

"मशीन जागी होती म्हणून हिरवं," सर म्हणाले. "जागा माणूस काम करतच असतो असं थोडीच हाय?"

४ जुलै

तो माणूस वाचला! इंदूताईंचा फोन आला. सरांनी ऐकलं, मान हलवली, आणि लगेच बाकीच्या सगळ्या केंद्रांच्या डिस्क तपासायला बसले. कंधारची पण भरत आली होती.

९ जुलै

अंबरीश सर आज आमच्या खोलीत आले, राघवेंद्र सरांचा इयरफोन मागितला आणि डोळे मिटून डॅशबोर्ड चालवायला बसले. घामाघूम झाले. उठून तिथूनच कंपनीला फोन लावला – "कीबोर्डनं चालल्याशिवाय आणि नीट बोलल्याशिवाय मी हे घेणार नाही. डिस्क किती भरली ते पण सांगायला पाहिजे. आणि कमांडचा रस्ता चालूच राहील."

माणूस चांगला आहे हे मी आधीच लिहिलंय.

१८ जुलै, शुक्रवार

झालं! नवा डॅशबोर्ड बोलायला लागला. सरांनी कळ दाबली, लॅपटॉप म्हणाला – देवणी, चालू, डिस्क निम्मी रिकामी. सर खुर्चीतल्या खुर्चीत हसायला लागले. "अरे, ही तर गप्पा मारती!" सगळ्यांना पेढे. उज्वला मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

सरांची नोकरी वाचली. मी वाचवली! कुठे बोलणार नाही, पण इथे लिहायला काय हरकत आहे?

२१ जुलै, सोमवार

सरांनी राजीनामा दिला. हैदराबादच्या मोठ्या कंपनीत चाललेत, हजारो सर्व्हर सांभाळायला. ते बोलावणं मी यायच्या आधीच आलेलं होतं. इथलं सांभाळणारं कुणी तयार होईपर्यंत थांबतो, असं सरांनीच त्यांना कळवलं होतं.

मी म्हटलं, "मग मी भांडत होते तेव्हा सांगितलं का न्हाई?"

"तू काय माझ्या एकट्यासाठी भांडत होतीस का?" सर म्हणाले. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "सगळ्या गावांना विचार, कशी हाईत. आज मी नुसता बसतो."