फळीवर राहिलेली जोडी

९ डिसेंबर
दुकानातून, दुपारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल. वहिनीच्या गुडघ्याचं पुढे काय झालं ते तू लिहिलं नाहीस. तिचे बूट बाहेरच्या बाजूने झिजतात, हे मागच्या वेळी माझ्या लक्षात आलं होतं. जुनी जोडी पाठव, त्या बाजूला आतून पातळ पट्टी बसवून देते. तिला बरं वाटेल.

इकडे सगळं ठीक आहे. अप्पांना जाऊन उद्या सात आठवडे होतील. समोरचा न्हावी अजून सवयीने दुकानात दोन चहा पाठवतो. मीही दोन्ही पिते. दुकान मी चौथ्या दिवशीच उघडलं. वाकड्या पायांची माणसं बूट फाटल्यावर थांबू शकत नाहीत, हे तुला माहीत आहे.

तुझं पत्र मिळालं. "अप्पांना जाऊन दोन महिने नाही झाले, तोवर हे कशाला उकरून काढतेस?" असं तू विचारलंस. माझ्या जन्मदात्या आईबद्दल तुला काही ठाऊक आहे का, एवढंच मी विचारलं होतं. खरं सांगते, मी उकरायला गेले नव्हते. मी स्वतःसाठी बूट करायला गेले होते.

त्या दिवसांत धावपळ फार झाली आणि माझ्या बुटाचा तळ सुटला. माझे बूट आजवर अप्पांनीच केले. माझी उंच कमान आणि डाव्या पायाचं तिसऱ्याखाली दडून बसलेलं चौथं बोट, तयार बुटात ते कुठलं मावायला! तू माझी बोटं मोजायचास ते आठवतं? "एक, दोन, तीन, पाच. चौथं कुणी खाल्लं?" मी दरवेळी खाली वाकून बघायची.

तर मला माझे फर्मे, माझ्या मापाचे लाकडी पाय, हवे होते. ते कुठे असतात हे मला ठाऊकच नव्हतं, कारण कधी लागलेच नव्हते. खिडकीजवळच्या वरच्या फळीवर हात फिरवला. एका लाकडी पायाच्या कमानीखाली बोटं गेली आणि ओळखीची वाटली. डावा फर्मा चाचपला तर चौथं बोट आत वळलेलं. जोडी खाली काढली आणि न बघता कामाला लागले. अप्पा असते तर ओरडले असते. फर्मा आधी उलटा करून वाच, हा त्यांचा पहिला धडा.

बूट सहा दिवसांत झाले. पायात घातले तर कमान बरोबर, टाच बरोबर, बोटाची जागा बरोबर. फक्त अंगठ्याच्या मुळाशी सैल. माझ्या अंगठ्याला हाड वाढलेलं नाही. ते म्हातारपणी येतं. मला वाटलं, अप्पांनी मी म्हातारी झाल्यावरचा पाय आधीच करून ठेवला की काय!

मग फर्मा उलटा केला.

गिऱ्हाइकाचा पाय वयाने बदलला की अप्पा फर्म्यावर त्या जागी चामड्याचा तुकडा चिकटवायचे आणि त्यावर पेन्सिलीने तारीख घालायचे. या डाव्या फर्म्यावर सहा तुकडे आहेत, एकावर एक. मी ते ओले करून एकेक सोडवले. खाली लाकडावर अप्पांचं अक्षर आहे, आणि तारीख आहे माझ्या जन्माच्या दोन महिने आधीची. "सूज आहे. बाळंतपणानंतर पुन्हा माप." त्याखाली दुसरी तारीख आहे. तेव्हा मी एकवीस दिवसांची होते. "सूज उतरली. हेच खरं माप." नाव नाही. सगळ्या फर्म्यांवर नाव असतं, या जोडीवर नाही.

माझे फर्मे नंतर सापडले. अप्पांच्या बैठकीखालच्या खणात होते. दोन्ही डावे पाय शेजारी शेजारी ठेवले. काय लिहू? तू चामड्याच्या धंद्यात राहिला नाहीस, पण हे तुलाही एका नजरेत दिसलं असतं.

सगळ्यात वरचा, सहावा तुकडा मागच्या वर्षीचा आहे. आणि गिऱ्हाईक वारलं की अप्पा काय करायचे ते तू विसरला नसशील. फर्मे पुसून, कागदात गुंडाळून घरच्यांना देऊन यायचे. मेलेल्या माणसाचा पाय त्यांनी फळीवर कधी ठेवला नाही. ही जोडी फळीवर होती. म्हणजे ती आहे.

मी चामडेवाल्या काकांकडे गेले. दर वर्षी पहिली थंडी पडली की अप्पा मला त्यांच्याकडे धाडायचे, हातात बंद चिठ्ठी देऊन. मी विचारलं, "काका, त्या चिठ्ठीत काय असायचं हो?"

"चामडं कसलं पाहिजे ते," काका म्हणाले.

"आणखी?"

ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "आणि हिला दोन तास बसवून ठेव, असं. वीस वर्षं बसवलं तुला! बोलायला विषय उरले नाहीत म्हणून माझ्या बायकोची सगळी दुखणी तुला सांगितली."

"तुम्ही अप्पांना विचारलं नाही कधी, का म्हणून?"

"तुझ्या बापाला विचारून उत्तर मिळालंय का कधी कुणाला?"

आम्ही दोघंही हसलो. घरी येताना मात्र उमगलं, त्या दोन तासांत ती दुकानात माप द्यायला येत असणार.

आता जे तुला सांगायचं टाळत होते ते लिहिते. शेवटच्या दिवसांत मी अप्पांचं किती केलं, असं तू सगळ्यांना सांगतोस. सांगू नकोस. जाण्याआधी नऊ दिवस मी त्यांना विचारलं होतं, "मला कुणी जन्म दिला ते तुम्हाला माहीत आहे ना?" त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी बोलणं टाकलं. औषध दिलं, अंग पुसलं, अंथरूण बदललं, पण तोंडातून शब्द काढला नाही. नऊ दिवस, दादा. शेवटच्या संध्याकाळी तेच म्हणाले, "मी गेल्यावर फळ्या आवर. नुसती धूळ झटकू नकोस, एकेक जोडी हातात घेऊन बघ." मी "हं" म्हटलं. मला वाटलं, मरतानाही यांना दुकानच दिसतंय. ते उत्तर देत होते हे मला चार आठवड्यांनी कळलं, आणि तेही चुकीचे फर्मे उचलले म्हणून. माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं "हं" एवढंच आहे.

त्यांनी का लपवलं, तिने शब्द घेतला होता की यांनाच मी जाईन अशी भीती वाटली, ते आता कळणार नाही. माझा राग संपला आहे. माझे वडील कोण हे तर फर्म्यावर लिहिलेलंच नाही. पण मला तिच्याकडून जाब नको. मला तिला चालताना बघायचंय. चढ आला की मी डावा पाय किंचित बाहेर टाकते. तीही टाकते का? चाळीस वर्षं मी लोकांचे पाय बघते आहे, आणि माझा पाय कुठून आला ते बघितलेलं नाही.

या वर्षी थंडी पडून सोळा दिवस झाले. मी चामडं आणायला गेले नाही. सोळा दिवस दुकानातच बसून आहे, जेवायलाही वर जात नाही. कुणी आलं नाही. तिला अप्पांचं कळलं असेल. किंवा तिला आता येववत नसेल.

म्हणून तुलाच विचारते. घरपोच बूट द्यायला तू जायचास. मला सायकलवर मागे बसवून तू गावभर हिंडवलंस, शवागाराच्या पहारेकऱ्याकडेसुद्धा नेलंस. फक्त दर हिवाळ्यात एका घरी मला नेत नव्हतास. मी दारात भोकाड पसरायची आणि तू म्हणायचास, "तिथे कुत्रं आहे." दादा, तिथे कुत्रं होतं का?

तू तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा. तुझ्यावर ते ओझं टाकायला नको होतं. तू आजवर सांभाळलंस, त्याबद्दल मी तुला बोल लावत नाही. अप्पा गेले म्हणून मी कुणा दुसऱ्याची होईन, ही भीती तुझ्याही मनात असेल तर काढून टाक. मी त्यांच्याच हाताखाली शिकलेली आहे. सुटलेला टाका मला बघवत नाही, इतकंच.

मी केलेली जोडी समोर आहे. काळी, नाडीची, मऊ चामड्याची. गिऱ्हाइकाच्या आधी कुणी बुटात पाय घालायचा नाही हा अप्पांचा नियम मी मोडला, चार पावलं चालले. तळ पुन्हा पुसून घेतला आहे. माझ्या पायाला ती सैल होते, कारण ती माझी नाहीच. ज्याचं माप त्याचे बूट.

बूट तयार आहेत. पोचते कुठे करायचे, तेवढं कळव.

तुझी,
एक, दोन, तीन, पाच