चुलीच्या धोंड्यांसारख्या तीन घोंगड्या

दादा, तू कसा आहेस? तुझे पायलटसाहेब बरे आहेत ना? माय तुझ्यापाशी पोचली त्याला लई वर्षं झाली, तिचे गुडघे आता दुखत नसतील. आबांचा खोकला थांबला का? इकडं सगळे ठीक. माझा मोतीबिंदू काढला, म्हणून अक्षर जरा मोठं आलंय.

तुझ्याच पत्रांतली अक्षरं बोटानं गिरवत मी वाचायला शिकले, आणि तुला लिहितेय ते आत्ता, म्हातारपणी. तुझी शेवटची सुट्टी आठवते. तलवाड्याच्या माळावर मेंढरं कातरायचं काम चाललंय, माय लोकर झटकतेय, आणि तू सांगतोस की बॉम्ब टाकणाऱ्या विमानात तुझं काम नकाशा धरून वाट दाखवायचं. माय म्हणते, "मेंढरामागं हिंडलेल्याला दुसरं काय येणार?" मग हळूच विचारते, "आपल्या घरावरून गेलास तर वळखू येईल का रं?" तू म्हणालास, "पांढऱ्या तीन घोंगड्या चुलीच्या धोंड्यांवानी मांड. चूल दिसली की आपलं घर."

एकाहत्तरच्या लढाईत तुमचं विमान परतलं नाही. तारेत 'सापडले नाहीत' एवढंच होतं. आबांनी दहाव्याचा विषय काढला, तर माय म्हणाली, "मेंढरू चुकलं म्हणून आपण वाडग्याचं दार लावतो व्हय?" दहावं झालंच नाही. आभाळात घरघर आली की ती तव्यावरची भाकरी तशीच सोडून धावायची आणि माळावर घोंगड्या मांडायची. शेजारचा म्हातारा चिडवायचा, "अगं, ते प्रवाशांचं इमान हाय." ती म्हणायची, "आसू दे की. त्यातबी कुणाचं लेकरू आसंल."

आता माझ्या लेकाच्या लेकीची हवाई दलात निवड झाली. घरात पेढे आले, मी मात्र तोंड फिरवून भाकऱ्या थापत बसले. पोरगी बापाला म्हणाली, "आजी हो म्हणल्याबिगर मी जाणार न्हाई." झालं, सगळं ओझं माझ्या डोक्यावर. आठ दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. मायसारखं आभाळाकडं बघत दिवस काढायची माझ्यात ताकद नव्हती.

शेवटी तीच परातीपाशी येऊन बसली. "का रुसलीस गं आजी?"

"रुसले न्हाई. भ्याले."

तिनं परात पुढं ओढून पीठ मळायला घेतलं. मग म्हणाली, "त्या घोंगड्या हायत का अजून? मी वरून गेले तर मांडशील?"

मी पेटी उघडली. तिनं एक घोंगडी उलगडली, निरखली आणि हसायला लागली. "आजी, ही कुसळं तर यंदाची हायत."

चोरी पकडली गेली, दादा. मायच्या माघारी ते खूळ बंद केलं असं मी साऱ्यांना सांगत आले. बंद केलं नव्हतं. घरची माणसं शेतात गेली की मांडायचे.

त्यातली धड घोंगडी मी तिला दिली. म्हटलं, "दोन धोंड्यांवर भांडं ठरत न्हाई. तिसरा घेऊन सुट्टीला ये." आज सकाळी ती बीडच्या गाडीत बसली. मी रडले नाही, म्हणजे गाडी हलेपर्यंत तरी.

पाकिटावर काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून हे पत्र पेटीत तिच्या घोंगडीच्या जागी ठेवतेय. तिकडं वर ती भेटली तर वाट नीट दाखव. आणि उत्तर लवकर धाड. वाचायला आता डोळा नवा आहे.