चार तारा गप्प बसवायच्या

प्रिय कार्टे,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलंयस, म्हणून तुझ्या आत्याच्या पत्त्यावर लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत. शाळा चौथीपर्यंतच बघितली, तेव्हा नाक मुरडू नकोस. गिटार विकून टाका, असा तू आत्याकडून निरोप धाडलास. तुझा बाप गळका नळ बदलायला वर्ष लावतो, पण गिऱ्हाईक त्याने दोन दिवसांत शोधलं. भिंतीला टेकलेली ती गिटार त्याच्याने बघवत नाही. पुढच्या रविवारी माणूस न्यायला येतोय. तोवर ती माझ्या खाटेपाशी आहे आणि मी ती वाजवायला शिकतेय. हस, हस. तुझा बापही हसला, मग डोळे पुसत बाहेर निघून गेला.

शिकवतो तो तळमजल्यावरचा रेडिओ दुरुस्त करणारा टकला. तरुणपणी म्हणे बँडमध्ये होता आणि केस खांद्यापर्यंत होते. त्याच्या डोक्याकडे बघून कोण विश्वास ठेवील? पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. तो म्हणाला, तार जरा ताणून घ्या. जन्मभर गाद्या शिवलेल्या बाईला ताण म्हटलं, की ती सुतळीसारखी ओढणारच. खुंटी पिळली, जाड तार तुटली आणि सटकन गालावर बसली. आजी, ही गादी नाही, नवी तार चढवत तो म्हणाला. मी म्हटलं, मग तसं आधी सांगायचं होतंस.

गाणंबिणं नको, दोन बोटांत होईल असं काहीतरी शिकव, असं मी त्याला सांगितलं. त्याने पॉवर कॉर्ड नावाची पकड दाखवली. एक बोट जाड तारेवर, दुसरं शेजारच्या तारेवर दोन घरं पुढे. बस्स. तुला काय सांगायचं, एवढ्यावर तू अख्खी बिल्डिंग उठवायचीस. मला तो नुसता धिंगाणा वाटायचा. आता कळतंय की खरी मेहनत न वाजवण्यात आहे. दोन तारा बोलल्या पाहिजेत आणि बाकीच्या चार गप्प बसवायच्या. आपल्या घरातल्यासारखंच. टकला म्हणतो, हसायचं की रडायचं हे ठरवणारा मधला एक सूर असतो, तो यातून काढूनच टाकलाय. मी म्हटलं, बरं केलं, मला चालेल.

पण वाजत नाही. सुई टोचून टोचून माझ्या बोटांची कातडी केव्हाच मेली, त्यामुळे तारा बोचत नाहीत. बोटं फाकतच नाहीत, हे दुखणं आहे. ओल्या चपलेसारखा फचफच आवाज येतो. वरच्या मास्तरीणबाई आधी काठी आपटायच्या, आता तेही सोडलं. कीव आली असेल. एकदाच, गेल्या मंगळवारी, नीट वाजलं. टकल्याने गिटारीला जोडून दिलेल्या स्पीकरने खाटेचा पाय थरथरला. मी परत तस्संच बोट ठेवलं. नाही वाजलं. त्यानंतरही नाही.

पुठ्ठा कापायच्या त्या यंत्राने तुझ्या डाव्या हाताची मधली दोन बोटं नेली, तेव्हापासून जो तो तुला सांगतोय, होईल गं सगळं ठीक. मला तसलं बोलता येत नाही. म्हणून मी माझी तीच दोन बोटं कापडाच्या पट्टीने तळहाताशी आवळून बांधली आणि पहिल्या बोटाने नि करंगळीने वाजवून बघतेय. जमतं की नाही ते स्वतः बघून तुला लिहायचं होतं. तर, जमत नाही. म्हातारीच्या हाताला नाही जमत. तुझ्या हाताला जमेल का, हे मला माहीत नाही, आणि विचारलं की टकलाही खाली बघतो. रविवारी माणूस आला की मी गिटार देणार, कारण शब्द तुझा आहे. त्याआधी तू येशील, असं काही मी धरून बसलेली नाही. आत्ता जेवण उरकलंय, भांडी तशीच पडलीत. तुझा बाप घासेल. माझी पट्टी अजून सोडलेली नाही.

तुझीच,
आजी