शाल आणि खुर्ची

माजलगाव, रविवार, १६ नोव्हेंबर

आठ वर्षं नात प्रज्ञा आणि मी ती अंतराळयानाची मालिका पाहिली. आज शेवटचा भाग. आठ वर्षं यान चालवलं ते काळ्या एडानं, आणि आज तिलाच मारून टाकलं! कप्तानाची खुर्ची कुणाला, तर परवा परवा आलेल्या गोऱ्याला. एडाच्या शवपेटीवर पदक ठेवलं आणि सगळे रडले. लाजच नाही.

मी टीव्ही बंद केला. प्रज्ञा म्हणाली, "आजी, कावून एवढी तापलीस? गोष्टच हाय ती."

"पदक कसलं? शालच ती," मी म्हणाले.

मग तिला सांगावं लागलं. शाळेत सगळ्यांत ज्येष्ठ मी, मुख्याध्यापिकेची खुर्ची माझी. संस्थेनं ती माझ्यामागून लागलेल्या बाईंना दिली. आम्ही बौद्ध, हे कुणी तोंडानं बोललं नाही. त्याच सभेत मला शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. खुर्ची द्यायची नसली की आपल्याकडे शाल देतात.

एडा तर मेली होती, तिला नको म्हणता आलं नसतं. मी जिवंत होते. तरी हात जोडून, हसून घेतली. का घेतली?

प्रज्ञानं कपाटातून शाल काढली. घडीसुद्धा मोडलेली नाही.

"मंग परत कावून न्हाई केली?"

येत्या रविवारी शाळेत जुन्या शिक्षकांचा सत्कार आहे. पत्रिका आठवडाभर तशीच पडून होती, ती प्रज्ञानंच पुढं केली.

"जाणार का, आजी?"

जाणार. शाल परत द्यायला.