दातांचा ठसा असलेल्या सफरचंदाची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चोपन्न, व्यवसाय जाहिरातींच्या छायाचित्रांसाठी अभक्ष्य अन्न निर्माण करणे, देहाने धडधाकट व बुद्धीने शाबूत असून (बुद्धीबाबत मेहुण्यांची हरकत जुनी आहे, ती विचारात घेऊ नये) कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

पूर्वीचे मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे. त्यात मी सर्वस्व पत्नीस दिले होते. ते स्वीकारण्यासाठी थांबावयाचे सोडून तिने गेल्या हिवाळ्यात माझ्याआधी प्रस्थान ठेवले. हा उघड करारभंग आहे. पण दाद कोणाकडे मागावी?

१. राहते घर व बँकेतील ठेव एकुलत्या एक कन्येस. न्हाणीघराचे दार किंचित उचलून लावावे लागते, हे दायित्वही घरासोबत तिच्याकडे जाईल.

२. कारखान्यातील साचे, रंग, मेण, कदापि न वितळणारा बर्फ आणि दाढीच्या फेसाची चिरतरुण साय माझ्या मदतनीस बाईंना. रंग त्या माझ्याहून सरस मिसळतात. मधाच्या जागी वापरायच्या इंजिन ऑइलच्या बाटलीवर मात्र त्यांनी ठळक अक्षरांत तसे लिहावे. मेहुण्यांनी एकदा त्यात बोट बुडवून चाटले होते. वरील हरकत तेव्हापासूनची.

३. माझे परममित्र छायाचित्रकार यांना काहीही नाही. साक्षीदाराला वारसा मिळत नाही असे वकिलांनी सांगताच मी त्यांना तत्काळ साक्षीदार केले. कारण पुढे येईल.

४. काचपेटीतील मेणाचे सफरचंद, ज्यावर दातांचा ठसा आहे, ते कन्येस. यास स्पष्टीकरण आवश्यक आहे.

मुली, त्या दुपारी तू न कळवता आलीस. आईच्या पुढ्यात मेणाचा पाव आणि सिलिकॉनचे सूप पाहिलेस. "बाबा, आजारी माणसाच्या ताटातही खोटंच वाढलंत? थट्टेला काही सुमार?" असे म्हणून उंबऱ्यावरूनच परत फिरलीस. नंतर आलीस ती थेट अंत्यविधीला, आणि माझ्याशी बोलली नाहीस.

वस्तुस्थिती अशी. औषधांमुळे तिला अन्नाचा वाससुद्धा सोसत नव्हता. पोषण दवाखान्यात सुईवाटे होई. एके दिवशी तीच म्हणाली, "अहो, तुमचं ते बिनवासाचं जेवण आणा की घरी. निदान समोरासमोर बसू तरी." तेव्हापासून मी रोज वाढत असे आणि ती बसत असे. "सुपात मीठ जास्त झालंय हं," म्हणे. मी क्षमायाचना करीत असे. आयुष्यभर मी कोणालाही न भरवता येणारे अन्न घडवले. त्याला जेवणारी एकच मिळाली, आणि तिने रोज नावे ठेवली.

तुला कळवू नये ही शपथ तिचीच. "पोर हातातलं काम टाकून धावत येईल." शपथ घालणारीबरोबर शपथही निवर्तली, असे मी कायद्याने गृहीत धरतो.

अखेरच्या आठवड्यात तिने ते सफरचंद उचलले.

"अगं, मेण आहे ते!"

"ठाऊक आहे हो. दातांना तरी आठवू दे."

छायाचित्रकार नंतर म्हणाले, "द्या इकडे, खळगा बुजवून देतो. अगदी नवं होईल." या एका वाक्यामुळे ते वारसाहक्कास मुकले. ठसा बुजवू नये. पेटी उन्हात ठेवू नये.

५. हे तोंडी सांगावे म्हणून तुझ्या दारापर्यंत येऊन मी परतलो आहे. तोंड उघडले की माझ्याकडून विनोदच बाहेर पडतो, आणि तुला नेमका तोच नको आहे. सबब, प्रस्तुत मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. एक प्रत आजच कन्येच्या हाती द्यावी.

उद्या दुपारी मी घरी आहे. दोन ताटे घेईन. स्वयंपाक मला येत नाही. तथापि जे काही असेल ते खरे असेल. मीठ जास्त झाल्यास तसे सांगावे.

साक्षीदार :
१. छायाचित्रकार (सही चरफडत केली आहे, ग्राह्य धरावी)
२. शेजारच्या शिवणकामवाल्या मावशी (चष्मा न सापडल्याने सर्व मजकूर मी वाचून दाखवला, मध्ये दोनदा थांबावे लागले)

स्थळ : जेवणाचे टेबल
वार : शनिवार
सही : तुझे बाबा